दिवंगत शेजारी आणि नवा फ्रिज

घड्याळवाल्यांना आपण वारल्याची बातमी मंगळवारी दुपारी कळली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. समोर एका नाजूक बायकी घड्याळाचं पोट उघडं पडलं होतं, एका डोळ्याला भिंग होतं, आणि बाजूला सुनेनं सकाळीच चालू करून दिलेला नवा फोन होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शेजारी यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली तीनशे बारा प्रतिसाद.

त्यांनी भिंग काढलं, चष्मा लावला आणि पुन्हा वाचलं. मजकूर तोच होता. मग त्यांनी आधी घड्याळाचं झाकण बसवलं, कारण उघडं राहिलं की धूळ जाते, आणि मगच स्वतःच्या मरणाकडे वळले.

'शेजारी' म्हणजे तेच. रायफल नेमबाजांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे, त्यावर ते चौदा वर्षं याच नावानं लिहीत होते. नाव मात्र क्लबातल्या मंडळींनी चिकटवलेलं. एकतिसाव्या वर्षी निवड चाचणीत त्यांचं सगळं छान चाललं होतं. चाळीस छर्रे झाल्यावर ते जरा बसले, घाम पुसला, पाणी प्यायले, उठले, बंदूक गालाला लावली आणि आयुष्यातला सगळ्यात सुंदर नेम मारला. बरोबर मधोमध, सुईनं टोचल्यासारखा. फक्त तो शेजारच्या माणसाच्या टार्गेटवर होता. त्यांना भोपळा मिळाला. शेजाऱ्याच्या कार्डावर दोन भोकं, त्यातलं चांगलं त्याच्या नावावर लागलं, आणि तो माणूस पुढं तीन वर्षं संघात खेळला.

भोपळ्याचं दुःख घड्याळवाल्यांनी केव्हाच गिळलं होतं. घशात अडकलं होतं ते दुसरंच. मागं क्लबाचे सेक्रेटरी चहाचा कप घेऊन उभे होते आणि त्यांना सगळं दिसलं होतं. हा गडी उठला, चुकीच्या नंबरसमोर उभा राहिला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मग बोलला का नाहीत, असं विचारल्यावर सेक्रेटरी म्हणाले होते, "मला वाटलं, तुला माहीत असेल."

त्यानंतर घड्याळवाले चाचणीला गेले नाहीत. पण बंदूक सुटली नाही आणि शिकवायचंही सुटलं नाही. कट्टा सुरू झाल्यावर मुलानं त्यांना तिथं नेऊन बसवलं, आणि तिथं चौदा वर्षं त्यांनी मुख्यतः एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं. गोळी डावीकडे का जाते? मधूनमधून कुणीतरी उजवीकडे पाठवायचा, तेवढाच बदल. उत्तरं दीड ओळीची असायची. 'बोट बघा.' 'आधी जेवा, मग मारा.' 'चष्मा पुसा.' भिंग डोळ्याला लावलेल्या माणसाला लांबलचक लिहिणं जमत नाही.

मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात जुना फोन टेबलावरून घसरून घड्याळाचे सुटे भाग धुवायच्या भांड्यात पडला. भाग स्वच्छ निघाले, फोन गेला, आणि पासवर्ड फक्त त्या फोनलाच माहीत होता. चार महिने कट्टा बंद. शेवटी सून म्हणाली, बाबा, मी तुमचं नवं खातं काढून देते. 'शेजारी' हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय असं फोन सांगत होता, म्हणून तिनं 'शेजारी२' केलं.

आणि इकडे चार महिन्यांत कट्ट्यानं त्यांना पोचवूनही टाकलं होतं. कुणीतरी विचारलं, शेजारी दिसत नाहीत. दुसरा म्हणाला, वय झालं होतं. तिसऱ्यानं हात जोडलेलं चित्र टाकलं, आणि तिथून पुढं गाडी थांबलीच नाही.

त्यांनी सगळे प्रतिसाद वाचले, कारण दुपारी तसं दुसरं काम नव्हतं. कट्ट्याचा नियंत्रक 'दहा-नऊ' या नावानं लिहितो. दहा पूर्णांक नऊ हा एका छर्ऱ्याला मिळू शकणारा सगळ्यात मोठा गुण, पण त्याचा स्वतःचा आकडा कट्ट्यावर कुणी पाहिलेला नव्हता. त्यानं लिहिलं होतं की शेजारी त्याला मुलासारखं मानत, आणि एका पराभवानंतर तो त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होता. घड्याळवाल्यांनी आपल्या खांद्याकडे पाहिलं. 'लांब पल्ला' नावाच्या दुसऱ्या उस्तादानं लिहिलं होतं की अखेरच्या दिवसांत शेजारींनी आपला वारसा त्याच्याकडे सोपवला. या लांब पल्ल्याचे कट्ट्यावर अकरा हजार प्रतिसाद होते आणि बंदूक अजून जुळवाजुळवीत होती. तीन वर्षं तो नुसता खांद्याला टेकणारी बटप्लेट निवडत होता.

आणि केळी. हे वाचून मात्र त्यांना जरा घाम फुटला. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी अगदीच डोकं खाल्लं तेव्हा वैतागून त्यांनी लिहिलं होतं, 'केळं खा, नेम लागेल.' त्या वाक्यावर आता चारशे पानी चर्चा होती. मॅचच्या चाळीस मिनिटं आधी दोन केळी, हे शेजारींचं तत्त्व ठरलेलं होतं. पिकलेली की कच्चट, यावरून कट्ट्यात उभी फूट पडली होती.

घड्याळवाल्यांनी एका बोटानं लिहिलं, 'मी जिवंत आहे.' नव्या सदस्याचा मजकूर आधी कुणातरी अनुभवी सदस्यानं मंजूर करावा लागतो, असं उत्तर आलं. तासाभरानं दहा-नऊचा निरोप आला. दिवंगत सदस्याची नक्कल केल्याबद्दल नियम सातनुसार मजकूर काढला आहे. थोडी तरी लाज बाळगा. ते माणूस म्हणून कोण होते हे तुम्हाला काय माहीत.

खाली एक सोय दिलेली होती. वीस प्रश्नांची परीक्षा द्या, सोळा बरोबर आले की 'अनुभवी' असा शिक्का मिळेल, मग कुणाची मंजुरी लागणार नाही. प्रश्न सगळे शेजारींच्या लिखाणावरून काढलेले. घड्याळवाले जरा सैलावले. आपलंच लिखाण, आपलीच परीक्षा. त्यांना वीसपैकी नऊ मिळाले. श्वास कधी रोखावा, याचं उत्तर चुकलं, कारण दहा-नऊनं सारांश काढताना वाक्याचं शेपूट तोडलं होतं. मॅचपूर्वी किती केळी, याला त्यांनी 'एकही नाही' लिहिलं. बाजूला लाल फुली आली आणि शेरा आला, शेजारींचे लेख पुन्हा वाचा.

घरी जेवताना त्यांनी हे बायकोला सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "अहो, बरंच झालं की," ती म्हणाली. "चौदा वर्षांत ज्यातून सुटला नाहीत, त्यातून फुकटात सुटलात. आता गप मेलेले राहा."

त्यांना ते पटलं. खरंच पटलं. मेलेल्या माणसाला गोळी डावीकडे का जाते हे कुणी विचारत नाही. डोळा अजून चुरचुरत होता, गुडघा कुरकुरत होता, आणि चाळीस वर्षांत जे कळलं ते दीड ओळीत सांगायचं, मग लोकांनी त्याची चारशे पानं करायची, याचा त्यांना भयंकर कंटाळा आला होता. बुधवारी त्यांनी फोन गल्ल्यात टाकला आणि दिवसभरात पाच घड्याळं दुरुस्त केली. फार बरं वाटलं.

गुरुवारी सुट्टे द्यायला गल्ला उघडला, तेव्हा फोन उजळलेला होता आणि त्यावर 'तिसरा गिअर' नावाची एक सदस्य होती.

ही बाई बस चालवायची, शहरातली सरकारी बस. कट्ट्यावर ती दोन वर्षं होती. ती कामापुरतं विचारायची आणि उत्तर मिळालं की आभार मानून निघून जायची, त्यामुळं घड्याळवाल्यांच्या लक्षात राहिली होती. तिनं लिहिलं होतं : रविवारी निवड चाचणी. आठ जण घेणार. माझी बंदूक क्लबाची आहे. आठात आले तर वर्षभर माझ्याकडे राहील, नाही आले तर सोमवारी परत करायची, कारण रांगेत दुसरे आहेत. डेपोतल्या साहेबांनी रजा दिली ती शेवटची म्हणून. तीन आठवड्यांपासून छर्रे डावीकडे जातायत. पहिले दहा बरे पडतात, मग एकेक डावीकडे सरकतो. नेम धरायची साइट फिरवली तर पहिले दहा उजवीकडे जातात. काय करू? सोबत घरात जिथं सराव करते तिथला फोटो दिला आहे.

खाली उस्तादांनी मांडव घातला होता. एक म्हणत होता, ट्रिगर बदला. दुसरा म्हणाला, छर्ऱ्यांचा डबा बदला. जॅकेट सैल झालंय असं तिसऱ्याचं निदान होतं. लांब पल्ल्यानं नळीतल्या कंपनांवर सतरा परिच्छेद लिहून शेवटी विचारलं होतं, केळी कोणत्या जातीची खाता?

फोटोकडे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

घड्याळवाल्यांनी पाहिला. बाई स्वयंपाकघरात उभी, डावी कूस टार्गेटकडे, तोंड बाजूच्या भिंतीकडे, नळी बोळातून थेट पलीकडच्या खोलीकडे. दहा मीटर जमवायला घरातली दोन दारं उघडी टाकलेली. पण तिच्या पोटासमोर, भिंतीला लागून, एक उंचापुरा फ्रिज उभा होता आणि त्याच्या दारावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. त्यांनी तिचा दोन महिन्यांपूर्वीचा फोटो शोधून काढला. त्यात तिथं कमरेएवढं कपाट होतं.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि फोनवर वाकून तिचे पाय पाहिले. जुन्या फोटोत दोन्ही पाय एका रेषेत होते. नव्यात डावा पाय चार बोटं मागं. फ्रिजचा कोपरा बाहेर आला होता, बुटाचं टोक त्याला लागत होतं, म्हणून पाय मागं सरकला. पाय सरकला म्हणून अंग फिरलं, आणि अंग फिरलं म्हणून बंदूक आपोआप डावीकडे बघायला लागली. बाई ती जोर लावून मध्ये आणत होती. दहा छर्रे जोर टिकत होता, मग हात थकायचे, आणि नळी आपल्या घरी परत जायची. झालं. ट्रिगर नाही, छर्रे नाहीत, कंपनं तर अजिबात नाहीत.

त्यांना वाटलं, कुणाला तरी दिसलंच असेल. साडेतीन हजार लोक आहेत तिथं. मग त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय, चहाच्या कपासकट. त्यांनी फोन जवळ ओढला.

'फ्रिज बाजूला करा. डावा पाय पुढं घ्या.' एवढं लिहून त्यांनी पाठवलं. पाऊण तासात मजकूर उडाला. शेजारी२ यांना दुसरी ताकीद. इथं रायफलविषयी चर्चा होते, घरगुती उपकरणांसाठी इतर संकेतस्थळं आहेत. खाजगी निरोप पाठवावा, तर नव्या सदस्याला तो पहिला महिनाभर पाठवता येत नाही.

तेव्हा त्यांना युक्ती सुचली. आपल्याच जुन्या लिखाणात तासभर उकरून त्यांनी अकरा वर्षांपूर्वीची एक ओळ शोधली आणि अवतरणात टाकली. 'दिवंगत शेजारी म्हणून गेले आहेत : डोळे मिटा, उघडा, बंदूक कुठं बघतेय ते पाहा आणि पाय हलवा.' हे तीन मिनिटांत मंजूर झालं. दहा-नऊनं स्वतः लिहिलं, समर्पक स्मरण, अशीच श्रद्धा ठेवा.

दुपारभर कट्ट्यावर त्या ओळीचा अर्थ लावणं चाललं. पाय म्हणजे नेमकं काय? शेजारी वरवरचं बोलत नसत. पाय म्हणजे पायाखालचा आधार, आधार म्हणजे तळवा, तळवा म्हणजे बूट. शेजारींना बुटांविषयी काही सांगायचं होतं, हे लांब पल्ल्यानं सिद्ध केलं. संध्याकाळी तिसरा गिअरचा निरोप आला : सगळ्यांचे आभार. शूटिंगचे नवे बूट मागवले आहेत, शनिवारी येतील.

घड्याळवाले दुकानाच्या खुर्चीत मागं टेकले. चाचणीच्या आदल्या दिवशी नवे बूट. ते बूट म्हणजे लाकडाचे ठोकळे, अंगवळणी पडायला महिना जातो. त्यांनी मेलेल्या तोंडानं एक ओळ उच्चारली होती आणि त्या ओळीनं बाईचे पायच बांधून टाकले होते.

रविवारी सकाळी ते शर्ट इस्त्री करत असताना बायकोनं विचारलं, कुठं निघालात. त्यांनी सांगितलं. दोन बस बदलून जायचं, गुडघा असा, ओळख ना पाळख, आणि ती बाई ऐकणार कशावरून, हे सगळं तिच्या चेहऱ्यावर उमटून गेलं. मग तिनं खुंटीवरची टोपी काढून दिली.

"डोळ्यांवर ऊन येऊ देऊ नका," ती म्हणाली. "मेलात म्हणून काय झालं, थेंब अजून चालू आहेत."

पहिली बस वेळेवर आली, दुसरी आलीच नाही. ते रेंजवर पोचले तेव्हा हॉल भरलेला होता. तीस नेमबाज आपापल्या सामानाच्या बाकांपाशी, समोर तीस टार्गेटं आणि गुण दाखवणारे पडदे, मागं दोरीपलीकडे बघे. मेण, कातडं आणि घामट जॅकेटं यांचा तोच जुना वास.

दोरीपाशी छातीवर काळी फीत लावलेला एक गोल चेहऱ्याचा माणूस लोकांना मागं सारत होता. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर मोठ्या आकड्यात छापलेलं होतं, १०.९. घड्याळवाले म्हणाले, मला एका खेळाडूशी दोन शब्द बोलायचेत. तो नम्रपणे म्हणाला की काका, पुढची जागा जाणकारांसाठी आहे, तुम्ही मागं खुर्ची बघा. याच खांद्यावर तो कधीतरी रडला होता. खांद्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

तेवढ्यात माइक खरखरला. चाचणी सुरू होण्यापूर्वी, दहा-नऊ जड आवाजात म्हणाला, आपल्या सर्वांचे मार्गदर्शक शेजारी यांच्या स्मृतीसाठी एक मिनिट शांतता पाळू या. सगळा हॉल उभा राहिला, माना खाली गेल्या, डोळे मिटले. दोरीवर कुणाचं लक्ष उरलं नाही. घड्याळवाले दोरीखालून आत गेले.

ती त्यांना बुटांवरून सापडली. पांढरेशुभ्र, कडक, खोक्यातून आत्ताच निघालेले. ती मान खाली घालून उभी होती, आणि नुसतं उभं असतानाही तिचा डावा पाय चार बोटं मागं होता.

ते तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मिनिट चालू होतं. ज्याच्यासाठी होतं त्यालाही वाटलं की आत्ता बोलणं बरं दिसत नाही. पण पुढं पुन्हा कुणी आत सोडलं नसतं.

"फ्रिज कधी आणला?" ते कुजबुजले.

तिनं एक डोळा उघडला. पलीकडच्या बाकावरून कुणीतरी 'श्श' केलं.

"तीन आठवडे झाले," ती म्हणाली. बस चालवणाऱ्या बाईला अनोळखी माणसाच्या विचित्र प्रश्नांची सवय असते. "का?"

"इथं तो नाहीये. पण तुमचा पाय अजून त्याला जागा देतोय."

तिनं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मागून पुन्हा 'श्श' आलं, यावेळी रागानं. कुणीतरी म्हणालं की शेजारींच्या वेळी निदान गप बसा हो काका.

मिनिट संपलं. लोकांनी घसे साफ केले. दहा-नऊ त्यांच्या दिशेनं येताना दिसला, म्हणून घड्याळवाल्यांनी उरलेलं घाईनं सांगितलं. बंदूक लावा, डोळे मिटा, अंग सैल सोडा, डोळे उघडा. नळी डावीकडे बघत असेल तर हातानं ओढू नका, डावा पाय बोटभर पुढं घ्या. परत मिटा, परत बघा. न ओढता मधोमध येईपर्यंत हेच.

"जुने बूट आणलेत?"

"पिशवीत आहेत. नव्यावर भरवसा नव्हता."

"ते घाला."

"पण शेजारींनीच सांगितलंय ना, बूट..."

"नाही सांगितलं."

ती थबकली. त्यांच्याकडे, टोपीकडे, ऑपरेशन झालेल्या लालसर डोळ्याकडे पाहत राहिली. "काका, तुम्ही कोण?"

"घड्याळं दुरुस्त करतो," ते म्हणाले. दहा-नऊ अगदी जवळ आला होता. "आणि एक. मध्येच बसलात, पाणी प्यायलात, तर उठल्यावर आधी नंबर बघा."

"कसला नंबर?"

"टार्गेटचा. आपलाच आहे ना, तेवढं."

मग दहा-नऊनं त्यांना दंडाला धरून दोरीबाहेर काढलं, आणि वयाचा मान ठेवून पोलिसांना बोलावलं नाही.

मागच्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी सगळी चाचणी पाहिली. सरावाच्या पंधरा मिनिटांत बाईनं जुने बूट बांधले, बंदूक लावली आणि डोळे मिटले. पुढच्या रांगेत कुणीतरी बाजूच्याला समजावत होता की ती शेजारींचं ध्यान करते आहे. भाषेवरून तो लांब पल्ला असावा. बाईनं डोळे उघडले, पाय बोटभर सरकवला, पुन्हा मिटले. चार वेळा. मग ती सुरू झाली.

घड्याळवाले पडद्यावरचे आकडे बघत नव्हते. त्यांची नजर तिच्या खांद्यांवर होती. दहा झाले, वीस झाले, तीस झाले, खांदे ओढलेले नव्हते. बेचाळिसाव्या छर्ऱ्यानंतर ती बसली. पाणी प्यायली. घाम पुसला. उठली. घड्याळवाल्यांच्या हातातली टोपी केव्हा चुरगळली ते त्यांना कळलं नाही. बाईनं बंदूक उचलली, मग पुन्हा खाली ठेवली, मान वर करून टार्गेटवरचा नंबर वाचला, खाली वाकून स्वतःच्या पाठीमागच्या बाकाचा नंबर वाचला, आणि दोन्ही एकच असल्याची खात्री झाल्यावर उभी राहिली.

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. पुढचं त्यांनी फारसं पाहिलं नाही. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती.

ती आठवी आली. नववीपेक्षा तीन दशांशानं पुढं. पहिल्या आलेल्याचे फोटो चालले होते, हार होते, दहा-नऊ माइकवर काहीतरी अमर असण्याविषयी बोलत होता. घड्याळवाल्यांना परतीची बस गाठायची होती. दारापाशी ती धावत आली, जॅकेटच्या आत अजून निथळत.

"काका, खरं सांगा. तुम्ही ते आहात ना?"

"ते गेले," घड्याळवाले म्हणाले. "तुम्ही मिनिटभर उभ्या होतात की त्यांच्यासाठी."

तिला हसू आलं, पण तिनं ते आवरलं. पाय दुखत असतील, असं काहीतरी ती म्हणाली आणि त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला आली. बस आल्यावर तिनं आधी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग त्याला सांगितलं की यांना चढू दे नीट, मग हाल. ड्रायव्हर तिला ओळखत होता. तो हलला नाही.

सोमवारी कट्ट्यावर तिनं लिहिलं, शेजारी जिवंत आहेत, मला भेटले, माझी चूक फ्रिजची होती. बारा मिनिटांत ते उडालं. नियम सात, तिलाही ताकीद. तिच्या यशाचं श्रेय नव्या बुटांना गेलं, आणि ते पायात नव्हतेच हे ती सांगत राहिली तरी बुटांची चर्चा शंभर पानांवर गेली. पिशवीत असले तरी त्यांचा परिणाम होतो, असा एक गट निघाला.

घड्याळवाल्यांनी बायकोला सांगून टाकलं, संपलं, आता आपण मेलो. ती म्हणाली, तोंडानं तर म्हणताय. त्यांनी खरंच दोन दिवस फोनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक बंद घड्याळ घेऊन आलं, त्यात नुसता सेल घालायचा होता, काम लगेच झालं, आणि हात रिकामे राहिले.

कुणीतरी नवा विचारत होता, गोळी उजवीकडे जाते, काय करू? उस्ताद जमायला लागले होते. ट्रिगर. छर्रे. केळी.

घड्याळवाल्यांनी एक मोठा उसासा टाकला आणि एका बोटानं टाइप केलं, 'तुम्ही उभे आहात त्या खोलीचा फोटो टाका. पाय दिसले पाहिजेत.' पाठवलं. खाली राखाडी अक्षरं आली : मजकूर मंजुरीच्या प्रतीक्षेत. त्यांना ते अपेक्षितच होतं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि चिमटा उचलला.

फोन थरथरला. राखाडी अक्षरांच्या जागी हिरवी आली होती. मंजूर केले : तिसरा गिअर, अनुभवी सदस्य.

मागोमाग तिचा खाजगी निरोप. नव्या सदस्याला निरोप पाठवता येत नसला तरी अनुभवी सदस्याचा येऊ शकतो. तिनं लिहिलं होतं, 'काल परीक्षा दिली काका. सोळा पाडले. आता तुमचं काहीही आलं की डेपोत बसल्या बसल्या मंजूर करत जाईन. फक्त केळ्याच्या प्रश्नाला दोन लिहावं लागलं, इलाज नव्हता.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. उत्तर लिहावं असं त्यांच्या मनात होतं, पण तेवढ्यात उजवीकडे गोळी जाणाऱ्यानं फोटो टाकला. खोलीत फ्रिज नव्हता. होता तो पलंग, त्यावर झोपलेलं मांजर, आणि मांजराची झोप मोडू नये म्हणून भलतीकडेच वळलेला एक पाय.

घड्याळवाल्यांनी चिमटा खाली ठेवला.